शोकेसमधली पाचर

मित्रांनो, मी एक जुनी पाचर आहे. हे वाक्य आज मी छातीठोकपणे म्हणते, पण माझ्या आयुष्यातले पहिले अख्खे वर्ष मी कोण आहे हे मलाच ठाऊक नव्हते. कोणी मला फोन टेकवायची वस्तू समजले, कोणी दुखऱ्या टाचेवरचा उपाय समजले, आणि शेवटी तर मला शोकेसमध्ये बसवून रोज पुसू लागले. आपण कोण हे कळायला माणसाचा जन्म जातो म्हणतात. मी तर लाकूड. माझा काय गोंधळ झाला असेल, तुम्हीच विचार करा.

पाचर म्हणजे लाकडाचा एक तिरका तुकडा. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळता होत गेलेला. तुमच्या तळहातावर मावेन एवढीच मी आहे. आमच्या जातीबद्दल जगात फारसे चांगले बोलले जात नाही. कोणी कोणाच्या होणाऱ्या कामात खोडा घातला की लोक म्हणतात, ‘त्याने मध्येच पाचर मारली.’ मी आजवर कोणाच्या कामात मारली गेलेली नाही, पण नाव बदनाम झाले ते झालेच.

माझा जन्म एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर, सुतारकाकांच्या खोलीत झाला. त्याआधी मी एका टेबलाचा पाय होते. टेबल मोडले, पाय तेवढा धड राहिला, आणि काका धड लाकूड कधी टाकत नसत.

आता पुढची एक गोष्ट मला फार उशिरा कळली, पण तुमचाही गोंधळ नको म्हणून आधीच सांगून टाकते. ही इमारत अशा कोपऱ्यावर उभी आहे की चारही दिशांचा वारा जिन्यात शिरतो. दार नुसते उघडे ठेवले की ते धाडकन आपटते. म्हणून काकांनी कधीकाळी प्रत्येक घराला एकेक पाचर करून दिली. दार उघडायचे, खाली पाचर सरकवायची, की दार जागच्या जागी उभे. पुढे त्याची एक रीतच पडून गेली. संध्याकाळी चहाच्या सुमाराला ज्याला सवड असेल त्याने दाराला पाचर लावायची. पाचर लावलेली दिसली म्हणजे ‘या, बसा’. मग कोणीही यावे, बसावे, गप्पा माराव्यात. दार बंद असेल तर त्या घराला आज सवड नाही असे समजून पुढे जावे. अडीनडीची गोष्ट वेगळी, पण उगीच बंद दार वाजवणे या इमारतीत आगाऊपणाचे मानत. ही रीत सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती कोणाला सांगावी लागते, हेच लोक विसरून गेले होते.

नवीन बिऱ्हाड आले की काका पाचर घडवत आणि सुतारकाकू ती वर नेऊन देत. काका घडवणार, काकू सांगणार, अशी त्या दोघांची वाटणी होती. काकू सांगायला बसल्या की पाचरीपासून सुरू करून पाण्याच्या वेळा, गच्चीची किल्ली आणि कोणत्या पायरीचा टवका उडालाय, इथपर्यंत सगळे सांगून मगच उठत. काका मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून जन्माला आलेले. लाकडाला काय हवे ते लाकूडच सांगते, असे ते म्हणत. हे वाक्यही त्यांनी आयुष्यात एकदाच म्हटले असावे.

माझ्या वेळी काय झाले, दुसऱ्या मजल्यावर नवीन लोक राहायला आले आणि नेमक्या त्याच वेळी काकू मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून काकांकडे वेळच वेळ. त्या वेळेचे करायचे काय हे न सुचून ते मला घासत बसले. रंधा झाला, पॉलिश कागद झाला, मग तेलपाणी झाले. इतर पाचरी करवतीच्या खुणा अंगावर घेऊन कामाला लागल्या होत्या. माझ्यात मात्र तोंड दिसू लागले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसे दारापेक्षा पाचर देखणी झाली. पुढच्या सगळ्या घोळाचे मूळ माझ्या या रूपातच आहे, असे मला आता वाटते.

मग मला खाकी कागदात गुंडाळून काका स्वतः दुसऱ्या मजल्यावर निघाले.

नवीन घरात तीन माणसे होती. मुलगा शहरातल्या बसवर ड्रायव्हर होता. त्याला पुढे सगळे दादा म्हणू लागले. त्याची बायको घरी शिवणकाम करायची, ती शिवणताई. आणि दादाची आई, म्हणजे आजी, सामानाच्या ढिगात एका ट्रंकेवर बसून टाच चोळत होत्या, कारण जिना चढून ती ठणकत होती. सामान आत येत असल्यामुळे दार उघडेच होते.

“तळमजला,” काका म्हणाले. मी खाली राहतो, सुतार आहे, काही लागले तर हाक मारा, एवढे सगळे त्यांना त्या एका शब्दात म्हणायचे होते. “हे तुम्हाला.”

“अहो, कशाला उगीच? या ना आत,” ताई म्हणाली.

“सामान लावा,” असे म्हणून काका जिना उतरून गेले.

कागद सुटला. तिघांनी मला पाहिले आणि मी त्या तिघांना. माझ्याबद्दल कोणालाच काही सांगता येईना, आणि भेट आलेल्या वस्तूचे ‘हे आहे तरी काय’ असे विचारायला खाली जाणे बरे दिसले नसते.

“फोन टेकवायला आहे हे,” दादा म्हणाला. “बघ, असा उतार दिलाय.” त्याने माझ्यावर फोन ठेवला. फोन घसरून जमिनीवर पडला. त्याने पुन्हा ठेवला, पुन्हा पडला.

“फोन कसला डोंबलाचा,” आजी म्हणाल्या. “माझ्या टाचेसाठी दिलंय ते. मी टाच चोळत होते ते बघितलं त्यांनी. भला माणूस दिसतो.” आणि त्यांनी मला जमिनीवर ठेवून माझ्या उतारावर टाच दाबली. त्यांना खरोखरच बरे वाटले. दोन दिवस मी टाचेचे लाकूड म्हणून काम केले आणि हेच आपले जीवन असे धरून चालले.

पण तिसऱ्या दिवशी ताईने मला उचलले. “आई, कोणी एवढं जीव लावून केलंय, आणि आपण पायाखाली घ्यायचं? मला नाही बरं वाटत.” तिने मला पुसले, एक विणलेला रुमाल अंथरला आणि शोकेसमध्ये घड्याळाशेजारी मांडले.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मी अगदी फुलून गेले. रोज सकाळी फडके फिरायचे. घरी येणारे गिऱ्हाईक कपड्याचे माप देता देता विचारायचे, “हे काय आहे हो?” ताई म्हणायची, “खालच्या काकांची कला आहे.” म्हणजे आपण कला आहोत असे मी समजले. शेजारचे घड्याळ उगाच टिकटिक करत कष्ट उपसत असे. मला काहीच करावे लागत नसे. तरीही रोज संध्याकाळी एक विचित्र गोष्ट व्हायची. जिन्यातून लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज यायचा, खर्रर्र. आधी वरून, मग समोरून, मग खालून. तो आवाज आला की माझ्या निमुळत्या टोकाला कसेसेच व्हायचे. मला कुठेतरी जायचे आहे असे वाटायचे. पण कुठे? ना माझा शेंडा मला कळे, ना बुडखा.

इकडे ताईच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी एवढी सुंदर भेट दिली. आपणही काहीतरी द्यायला हवे. तिला काय देता येणार, तर शिवलेली वस्तू. दाराखालच्या फटीतून वारा शिटी वाजवत यायचा, ते तिने पाहिले होते. तिने गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून उरलेले तुकडे काढले आणि लांबुडक्या, काकडीच्या आकाराच्या उशा शिवल्या. आत चिंध्या ठासून भरल्या. अशी उशी दाराला लागून ठेवली की फट बुजते आणि वारा आत येत नाही. कोणाचे दार हिरवे, कोणाचे तपकिरी. तिने रंग पाहून कापड निवडले. आठवडाभर ती त्याच कामात होती.

देण्यासाठी ती दुपारी गेली. सगळी दारे बंद. लोक झोपले असतील, कशाला उठवा, म्हणून तिने एकेक उशी एकेका दाराशी ठेवली आणि परत आली. चेहरा असा उजळला होता की मलाही शोकेसमध्ये बरे वाटले. “आता येतील बघा कोणीतरी, विचारायला,” ती आजींना म्हणाली.

कोणी आले नाही.

का आले नाही, तेही मला नंतरच कळले, पण तुम्हाला आत्ताच सांगते. तिसऱ्या मजल्यावर शाळेतल्या बाई राहत, आणि आमच्या समोरच्या घरात घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ. दोघे उशा हातात घेऊन जिन्यात उभे राहिले.

“आपण त्यांना दार उघडं ठेवायला पाचर दिली,” बाई म्हणाल्या, “आणि त्यांनी आपल्याला दाराची फट बुजवायला उशी दिली. याचा अर्थ काय घ्यायचा?”

“अर्थ सरळ आहे,” घड्याळवाले म्हणाले. “आपल्या गप्पांचा त्रास होतोय. दारं लावून घ्या म्हणतात. त्यांच्या दाराला कधी पाचर दिसलीय का?”

नव्हतीच दिसली. मी तर रुमालावर बसले होते.

ही माणसे वाईट होती असे समजू नका. उलट फार चांगली होती, आणि तेच नडले. ‘त्यांना शांतता हवी आहे ना, मग देऊ या शांतता,’ असे म्हणून आमच्या दारावरून जाताना ती बोलणे थांबवू लागली. मुलांना गप्प करू लागली. चपला वाजू नयेत म्हणून दबक्या पावलांनी उतरू लागली. करायला गेले एक आणि झाले भलतेच. आत बसलेल्या आजींना जिन्यातून हसणे-खिदळणे जवळ येताना ऐकू येई, आणि आमच्या दारापाशी येताच एकदम चिडीचूप होई.

“बघितलंस?” आजी म्हणत. “आपलं दार आलं की तोंड मिटतात. आपण काय घोडं मारलंय यांचं?”

बाळंतपण आटोपून काकू परत आल्या तेव्हा त्यांनी काकांना विचारले, “दुसऱ्या मजल्याला पाचर दिलीत ना?”

“दिली.”

“सगळं नीट सांगितलंत ना?”

“दिली ना,” काका म्हणाले.

मग काकूंना उशांची हकिगत कळली आणि त्यांनाही राग आला. इतक्या प्रेमाने दिलेल्या वस्तूचे हे फळ म्हणून त्यांनीही वरचा जिना चढणे सोडले.

या सगळ्यात खरे हाल झाले ते आजींचे. आधीच्या गल्लीत त्यांचे आयुष्य गेले होते. तिथे खोल्यांची दारे एकमेकींना लागून होती. पोळी तव्यावर टाकून शेजारणीशी बोलावे आणि करपल्याच्या वासाने परत यावे, असा तिथला कारभार. इथे दादा पहाटे बसवर जाई, ताई मशीनवर मान घालून बसे, आणि मशीनच्या खडखडाटात आजींचे बोलणे विरून जाई. आधी त्यांनी बोलणे कमी केले. मग जेवण कमी झाले. दिवसभर शोकेससमोरच्या खुर्चीत बसून त्या माझ्याकडे पाहत राहत. एकदा म्हणाल्या, “तू तरी बोल गं काहीतरी. तूच एक आलीस आमच्याकडे.” मला फार बोलावेसे वाटले. पण काय बोलू? मी कशाला आले होते तेच मला ठाऊक नव्हते.

एका रात्री ताटातले अर्धे अन्न तसेच ठेवून आजी दादाला म्हणाल्या, “मला परत ने. इथे भिंती चांगल्या आहेत, माणसं नाहीत.”

दादाने आपले ताट बाजूला सरकवले. मग म्हणाला, “जुन्या गल्लीतली खोली रिकामीच आहे अजून. जाऊ या.” आणि त्याने ताईकडे पाहिले.

आता ताईचे ऐका. त्या जुन्या खोलीत ती जमिनीवर बसून दिव्याखाली शिवायची. सुई ओवताना डोळ्यांतून पाणी यायचे. इथे तिने पहिल्यांदा टेबल घेतले होते आणि ते मोठ्या खिडकीपाशी लावले होते. सकाळी उजेड त्या टेबलावर असा सांडायचा की काळ्या कापडावरचा काळा टाकासुद्धा दिसावा. कामही वाढले होते. हे सगळे सोडायचे म्हणजे काय, ते फक्त तिला आणि मला माहीत होते, कारण बाकीचे झोपले की ती टेबलावर हात फिरवत बसायची.

“जाऊ या,” ती म्हणाली. “आईंपेक्षा टेबल मोठं नाही.”

जायचा दिवस आला. टेम्पोची पहिली खेप कपाट आणि भांडी घेऊन गेलीसुद्धा. दुसऱ्या खेपेसाठी हमाल ये-जा करत होते. टेबल खाली गेले. आजी दाराशी गुंडाळलेल्या गादीवर राखणीला बसल्या होत्या. शोकेस सगळ्यात शेवटी आवरायची होती, म्हणून मी जागच्या जागी होते. वारा सुटला होता. हमाल बाहेर गेला की दार धाडकन बंद, आत आला की पुन्हा धाडकन. आजी दर वेळी दचकत होत्या.

“अगं, ते माझं टाचेचं लाकूड दे इकडे,” त्या ताईला म्हणाल्या.

“आई, ती शोभेची वस्तू आहे.”

“शोभा गेली खड्ड्यात. कानठळ्या बसल्या माझ्या.”

ताईने मला आणून दिले. आजींनी मला दाराशी टाकले, पायाने फटीत सरकवले आणि वरून टाच मारली. खर्रर्र.

मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू? दाराचे सगळे वजन माझ्या पाठीवर आले. वाऱ्याने दाराला ढकलले, दाराने मला ढकलले, आणि मी हलले नाही. पुन्हा ढकलले, पुन्हा हलले नाही. रोज संध्याकाळी मला कुठे जायचे होते ते मला कळले. मला इथे, या दोन बोटांच्या फटीत यायचे होते. माझा आनंद एवढा मोठा होता की इतके दिवस पुसून घेतल्याची मला लाजच वाटली.

त्याच वेळी शाळा सुटून बाई जिना चढत होत्या. त्या आमच्या दारापाशी थबकल्या. सामान खाली चालले आहे आणि दाराला पाचर लावली आहे, या दोन गोष्टींचा मेळ त्यांना लागेना. पण रीत म्हणजे रीत.

“येऊ का?” त्यांनी विचारले.

आजींनी मागे वळून पाहिले. आपल्याला विचारताहेत हे त्यांना पटेना. “या की,” त्या म्हणाल्या. “पण खुर्च्या गेल्या हो. गादीवरच टेका.”

पाठोपाठ समोरून घड्याळवाले आले, हातात चहाचा कप तसाच. बातमी खाली पोचली आणि काकू धापा टाकत वर आल्या, त्यांच्यामागे काका. कोणी बोचक्यावर बसले, कोणी उंबरठ्यावर. हमालांना वाट मिळेना. दादा खालून घाम पुसत आला तो घरात ही गर्दी.

“निरोप द्यायला आलात होय?” तो म्हणाला. “बरं वाटलं. निदान जाताना तरी.”

“निरोप कसला?” बाई म्हणाल्या. “तुम्हीच बोलावलंत. वर्षात पहिल्यांदा.”

“आम्ही? कधी?”

“ती काय पाचर लावलीय.”

ताईने खाली पाहिले. “ती काकांची कला?”

कोणाला काही सुधरेना. घड्याळवाले दाराकडे बघताहेत, दादा बाईंकडे, बाई ताईकडे, आणि हमाल एक ट्रंक डोक्यावर घेऊन सगळ्यांकडे. शेवटी काकू हळूच काकांकडे वळल्या.

“अहो, पाचर दिलीत तेव्हा सांगितलं काय होतंत?”

काकांनी बराच विचार केला. “सामान लावा म्हणालो,” ते म्हणाले.

काकूंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी सगळी रीत सांगितली, पाण्याच्या वेळांसकट. ऐकता ऐकता ताईचा चेहरा पडत गेला. “आणि मी दिलेल्या उशा?” तिने विचारले. “वारा फार येतो म्हणून दिल्या होत्या मी. प्रत्येकाच्या दाराचा रंग बघून कापड शोधलं होतं.”

घड्याळवाल्यांनी कप खाली ठेवला. “आम्हाला वाटलं, आमच्या गप्पांचा तुम्हाला त्रास होतो. म्हणून आम्ही तुमच्या दारावरून गप्प जात होतो.”

“म्हणून गप्प जात होता?” आजी म्हणाल्या. “अहो, मी आत कान लावून बसलेली असायचे.” आणि त्या हसू लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला तो बराच वेळ काढला नाही. बाई सरकून त्यांच्या शेजारी बसल्या.

काकूंनी खालून चहा करून आणला. टेम्पोवाला वर येऊन म्हणाला, “निघायचं ना आता?” आजी म्हणाल्या, “बस. आधी चहा घे.” तोही बसला. चहा संपेपर्यंत आजींनी कोणाच्या माहेरी कोण आहे, टाचेला कोणते तेल बरे आणि तिसऱ्या मजल्यावर रोज काय ठोकतात, हे सगळे विचारून घेतले. मग त्यांनी सुनेकडे पाहिले.

“तुझं टेबल कुठे होतं गं?”

“टेम्पोत चढवलं, आई.”

“ते नाही विचारलं. इथे कुठे असायचं?”

“खिडकीपाशी.”

“मग तिथेच आणून ठेवायला सांग,” आजी म्हणाल्या. “उजेड चांगला आहे तिथला. तू रात्री हात फिरवत बसायचीस ते मला काय दिसत नव्हतं? मी माझ्याच रडगाण्यात होते.”

ताई उठून रिकाम्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिचे खांदे हलत राहिले. जिन्यात हमाल ओरडत होते, “अहो, वर न्यायचं की खाली, एकदा काय ते ठरवा.” पहिल्या खेपेत गेलेले कपाट परत यायला आठवडा लागला. तोवर सगळ्यांचे कपडे बोचक्यात होते आणि कोणाचा सदरा कोण घालतेय याचा पत्ता नव्हता.

त्यानंतर मी पुन्हा शोकेसमध्ये गेले नाही. वर्षे गेली. माझी चकाकी उडाली, एक कोपरा तुटला, पाठीवर आजींच्या टाचेचा खळगा पडला. मला कोणी पुसत नाही. मी तक्रार केलेली नाही.

मध्यंतरी घड्याळवाले मुलाकडे राहायला गेले आणि समोर एक एकटा मुलगा राहायला आला. घरात बसून संगणकावर काम करणारा. काकांचे हात आता थरथरतात. नवीन पाचर होणे कठीण. तेव्हा आजी म्हणाल्या, “आपलीच देऊ त्याला. आपलं दार काय, विटेनंही थांबेल.” ताईने माझ्यासाठी पिशवी शिवली. या वेळी काकू आणि ताई दोघींनी मिळून सांगितले, कसलीही कसर ठेवली नाही. मुलगा मान डोलवत होता.

पण त्याने मला चपलांच्या कपाटावर ठेवले आणि दार बंद केले. दुसऱ्या दिवशीही बंद, तिसऱ्या दिवशीही. लोक रीतीप्रमाणे पुढे जात राहिले. मी पुन्हा गोंधळले. आता तर सगळे सांगून झाले होते, मग अडले कुठे? संध्याकाळ झाली की तो मला हातात घ्यायचा, कडीवर हात ठेवायचा, समोरचे हसणे ऐकायचा आणि मला परत ठेवून द्यायचा.

एके दिवशी दार वाजले. या इमारतीत कोणी बंद दार वाजवत नाही. मुलाने दार उघडले. आजी काठी टेकून उभ्या होत्या.

“पाचर कुठाय तुझी?”

“आहे ना,” तो म्हणाला. “पण माझी कोणाशी ओळख नाही अजून. ओळख नसताना दार उघडं ठेवून बसलो तर लोकांना काय वाटेल, तेच कळेना.”

“मला पण वर्षभर कळत नव्हतं बाबा,” आजी म्हणाल्या. “कोणी एकानं दार वाजवलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. दे इकडे.” आणि त्यांनी मला फटीत सरकवून टाच मारली. मग न विचारता आत जाऊन त्याच्या खुर्चीत बसल्या. “चहा येतो का करता?”

मुलाला धड येत नव्हता, पण तो हो म्हणाला.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या शेजारी कोणी नवीन राहायला आले तर एखादी छोटीशी भेट घेऊन जरूर जा. भेट देताना दोन शब्द बोला. आणि तेवढ्याने झाले असे समजू नका; आठवड्याने पुन्हा जा. दार बंद असले तर वाजवा. आगाऊपणा वाटला तरी वाजवा. आत कोणीतरी हातात पाचर घेऊन उभे असेल.

आजींची टाच अजून ठणकते. पण रोज संध्याकाळी त्या जिन्याच्या या बाजूला येतात, मी सरकले तर नाही ना हे पाहतात, आणि मला एक टाच मारून आत जातात.